मोहाच्या झाडाखालची माणसे



बकुळीची फुले तुमच्यापैकी पुष्कळांनी वेचली असतील. पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडलेला असतो, आणि त्यांचा हार करायला सुईसुद्धा लागत नाही. गवताची काडी घेतली तरी चालते, कारण प्रत्येक फुलाच्या मध्यभागी भोक तयारच असते. हे भोक कोण पाडते? फुलाचा मधला भाग कुठे जातो? हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवा. बकुळीचा एक नातेवाईक जंगलात राहतो. त्याच्याही फुलाला असेच भोक असते, आणि त्या भोकावर मध्य भारतातील लक्षावधी आदिवासी कुटुंबांची वर्षातील दोन महिन्यांची कमाई अवलंबून असते. त्या नातेवाइकाचे नाव मोह.

चिकूचा भाऊबंद

मोह, बकूळ, रांजण आणि आपला चिकू ही सारी एकाच कुलातील झाडे. यांतील कोणाचेही पान किंवा कोवळा देठ तोडला की पांढरा चीक येतो. मोहाचे शास्त्रीय नाव मधुका लाँगिफोलिया. ‘मधुका’ हे प्रजातीचे नाव सरळ संस्कृतातील ‘मधूक’ या शब्दावरून घेतले आहे. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार, पालघर या जिल्ह्यांत हे झाड विपुल दिसते. शेजारच्या छत्तीसगड, मध्य प्रदेश, झारखंड, ओडिशा, गुजरात या राज्यांतही ते आहे. दक्षिणेत याचीच दुसरी जात वाढते. तिच्या बियांचे तेल तमिळनाडूतील देवळांत दिव्यांसाठी वापरले जाई.

नकाशा घेऊन या भागांवर बोट फिरवा. जिथे मोह आहे, तिथे बहुतेक ठिकाणी आदिवासी वस्ती आहे असे दिसेल. २०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे १० कोटी ४३ लाख होती, म्हणजे देशातील दर शंभर माणसांत आठ-नऊ. महाराष्ट्रात ती सुमारे १ कोटी ५ लाख होती.

पण ‘आदिवासी’ म्हणजे एकच समाज, अशी समजूत करून घेऊ नका. गोंड आणि माडिया यांच्या बोली द्राविड भाषाकुलातल्या, म्हणजे तेलुगू-कन्नडच्या नात्यातल्या. मेळघाटातील कोरकू, झारखंडातील मुंडा आणि संथाळ यांच्या भाषा ऑस्ट्रो-आशियाई कुलातल्या. त्यांचे नाते दूरच्या ख्मेर आणि व्हिएतनामी भाषांशी जाऊन पोहोचते. भिल्लांची बोली मात्र मराठी-गुजरातीसारखी आर्यकुलातली. देव वेगळे, गाणी वेगळी, लग्नाच्या रीती वेगळ्या. तरीही या सर्वांच्या अंगणात चैत्रात एकच वस्तू वाळत पडलेली दिसते, ती म्हणजे मोहाची फुले.

भोकाचे रहस्य

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. माघ-फाल्गुनात मोहाची पाने गळतात. मग उघड्या फांद्यांच्या टोकांना तपकिरी लवदार कळ्यांचे घोस लोंबू लागतात. या कळ्या उमलण्याआधीच प्रत्येकीच्या टोकातून सुईसारखा एक दांडा बाहेर डोकावतो. हा कुक्षीवृंत. त्याच्या टोकावर परागकण स्वीकारणारी कुक्षी असते, आणि तळाशी अंडाशय.

फूल उमलते ते रात्री. पाकळ्या एकमेकींना चिकटून त्यांची एक फिकट पिवळसर, मांसल, गोड कुपी बनलेली असते. पुंकेसर या कुपीच्या आतल्या बाजूला चिकटलेले असतात. फिकट रंग, उग्र वास, पानांचा अडथळा नसलेल्या फांदीच्या टोकावरची जागा आणि रात्रीची वेळ, या चार खुणांवरून पाहुणा कोण असेल हे ओळखता येईल का? तो पाहुणा म्हणजे वटवाघूळ. फळे खाणारी वटवाघळे या गोड कुप्या खाण्यासाठी रात्रभर झाडावर झोंबतात. त्यांच्या तोंडाला आणि लवीला पराग लागतात आणि दुसऱ्या फुलांच्या बाहेर आलेल्या कुक्षींना जाऊन चिकटतात. अशा रीतीने परागीभवन होते.

पहाट होताच कुपीच्या बुडाशी असलेला पेशींचा थर सुटतो आणि कुपी टपकन जमिनीवर पडते. ती पडते ती पुंकेसरांसह. पण अंडाशय आणि कुक्षीवृंत झाडावरच राहतात. दांडा निघून गेल्यामुळे पडलेल्या कुपीला भोक राहते. बकुळीचेही असेच.

म्हणजे झाले काय, ते नीट लक्षात घ्या. आपण आंब्याचा मोहोर तोडला तर आंबा मिळणार नाही. भोपळ्याचे मादीफूल भाजीसाठी खुडले तर भोपळा धरणार नाही. पण मोहाचे पडलेले फूल माणसाने उचलले, तरी झाडाचे काहीच बिघडत नाही. झाडाने त्याचे काम करून घेतलेले असते; फळ धरणारा भाग वर सुरक्षित असतो. चैत्रात फुले वेचायची आणि ज्येष्ठात त्याच झाडाची फळेही घ्यायची, हा दुहेरी लाभ देणारी झाडे फार थोडी आहेत. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात लिहिले जाण्याच्या फार पूर्वी जंगलातल्या माणसांनी ही गोष्ट निरीक्षणाने जाणली होती.

पहाटेची वेचणी

मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत मोहाच्या गावांत दिवस उजाडण्याआधी सुरू होतो. टोपल्या घेऊन बायका, मुले, म्हातारी माणसे झाडांकडे निघतात. इतकी घाई कशासाठी? फुले पहाटेपासून सकाळी नऊ-दहापर्यंत पडत राहतात. ऊन चढले की ती मऊ पडतात, त्यांना मुंग्या लागतात. शिवाय वाटेकरी पुष्कळ असतात. हरणे, रानडुकरे, माकडे आणि अस्वले यांनाही मोह तितकाच आवडतो. अस्वल तर रात्रीपासूनच झाडाखाली येऊन बसते. वाकून फुले वेचणारा माणूस आणि अस्वल एकाच झाडाखाली समोरासमोर आले, तर परिणाम काय होतो हे जंगलालगतच्या गावांना चांगले ठाऊक आहे. चंद्रपूर जिल्ह्यात मोहाच्या हंगामात वाघाच्या हल्ल्यात वेचणाऱ्यांचा जीव गेल्याच्या बातम्या अलीकडे वारंवार येतात. म्हणून शहाणी माणसे एकटी जात नाहीत. चार-पाच जणांनी मिळून, बोलत, आवाज करत जातात.

हंगामात एका मोठ्या झाडाखाली क्विंटलच्या आसपास ताजी फुले पडू शकतात. ती अंगणात पसरून वाळवतात. ताज्या फुलात बहुतेक पाणीच असते, त्यामुळे चार-पाच किलो ताज्या फुलांची साधारण एक किलो सुकी फुले होतात. सुकलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास साखर असते. ही फुले वर्षभर टिकतात. का टिकतात? द्राक्षापासून मनुका होताना जे घडते तेच येथे घडते. पाणी निघून गेले आणि साखर दाट झाली की जिवाणूंना आणि बुरशीला जगायला लागणारा ओलावा मिळत नाही. पावसाळ्यात हवेतील दमटपणा लागला, तर मात्र तीच फुले आंबतात. म्हणून ती चुलीच्या धुराजवळ, घट्ट झाकलेल्या कणग्यांत ठेवतात.

आता या हंगामाची वेळ पाहा. धानाची कापणी नोव्हेंबर-डिसेंबरात होते. पाण्याची सोय नसलेल्या गावात त्यानंतर शेतात काही पिकत नाही. मार्चपर्यंत कणगीतले धान्य उतरणीला लागते आणि पुढचे पीक तर आठ महिन्यांवर असते. नेमक्या त्या वेळी मोह फुलतो. मे महिन्यात तेंदूपाने, जूनमध्ये मोहाच्या बिया, मग पाऊस आणि पेरणी, असे हे वर्षाचे चक्र बसवलेले आहे. सुकी फुले भिजवून, शिजवून भाकरीबरोबर खातात. भाजून, तिळाबरोबर कुटून त्यांचे लाडू करतात. बैलांनाही ती चारतात. दुष्काळात पीक बुडाले तरी मोहाची मुळे खोल असल्याने झाड फुलतेच, आणि दुष्काळांत मोहाने माणसे जगवली अशा नोंदी ब्रिटिश काळातील सरकारी कागदपत्रांत आहेत.

बी, तेल आणि मासे

पावसाळ्याच्या तोंडाशी फळे पिकतात. कोवळ्या फळांची भाजी होते, पिकलेला गर खातात आणि आतल्या बिया फोडून तेल काढतात. विदर्भात या बियांना टोरी म्हणतात. वाफवून कुटलेल्या बियांचा लगदा दोन जड लाकडी ओंडक्यांमध्ये दाबून तेल गाळण्याची जुनी रीत आहे. हे तेल थंडीत लोण्यासारखे गोठते. स्वयंपाक, दिवा, अंगाला मालीश या तिन्हींसाठी ते चालते.

उरलेली पेंड फार नवलाची आहे. तिच्यात सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. रिठ्याचा फेस येतो तोही सॅपोनिनांमुळेच. ही द्रव्ये पाण्यात मिसळली की माशांच्या कल्ल्यांवर परिणाम करून त्यांना गुंगवतात किंवा मारतात. आदिवासी लोक उन्हाळ्यात ओढ्याच्या साचलेल्या डोहात ही पेंड टाकून मासे धरत. आता गंमत पाहा. आजचे मत्स्यशास्त्रज्ञ तळ्यात माशांचे बीज सोडण्याआधी त्यातले नको असलेले भक्षक मासे काढून टाकायला हीच पेंड सुचवतात. एक मीटर खोल पाण्याच्या एक हेक्टर तळ्याला साधारण २,५०० किलो, असे तिचे प्रमाण ठरलेले आहे. दोन-तीन आठवड्यांत विषाचा प्रभाव जातो आणि पेंडीचे खत होते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाला प्रयोगशाळेने दिलेला हा दुजोरा म्हणायचा.

झाडाचा मान

ज्या झाडावर इतके अवलंबून, त्याचा मान समाजात दिसणारच. जंगल साफ करून शेत काढताना इतर झाडे तोडली, तरी मोह राखतात. त्याच्या सावलीने थोडे पीक कमी आले तरी चालते. म्हणूनच मध्य भारतात रिकाम्या शेतांतून उभे असलेले मोठमोठे मोह दिसतात. अनेक गावांत कोणत्या झाडाखाली कोणी वेचायचे हे ठरलेले असते. कागद नसतो, सातबाराही नसतो. पण कोणते झाड कोणत्या घरचे, हे सगळे जाणतात, आणि तो हक्क बापाकडून मुलाकडे जातो. गोंडांच्या लग्नमंडपात अनेक ठिकाणी मोहाची फांदी रोवतात. जन्म, लग्न आणि मरण या तिन्ही प्रसंगी मोहाचा काही ना काही वाटा असतो.

बस्तरमध्ये आणि गडचिरोलीच्या दक्षिण भागात माडिया आणि मुरिया लोक ‘पंडुम’ नावाचे सण पाळतात. वर्षात निरनिराळे पंडुम येतात. ‘मरका’ म्हणजे आंबा, म्हणून मरका पंडुम आंब्याचा. विज्जा पंडुम पेरणीच्या बियाण्याचा. मोहाचाही असा पंडुम असतो. नियम साधा आहे: गावाने मिळून पंडुम केल्याशिवाय, गावदेवाला आणि पूर्वजांना पहिला वाटा दिल्याशिवाय ते नवे अन्न कोणी खायचे नाही.

हा नुसता धार्मिक आचार आहे असे कोणी म्हणेल. पण जीवशास्त्राच्या नजरेने त्याच्याकडे पाहा. कैरी सणाआधी तोडायची नाही असे ठरले, की आतली कोय तयार होण्याइतका वेळ फळाला मिळतो. ‘माझ्याआधी दुसरा तोडून नेईल’ या भीतीने कच्चे फळ ओरबाडण्याची शर्यत लागत नाही. सर्वांचे मिळून असलेले जंगल सर्वांनी एकाच वेळी वापरायला सुरुवात करायची, असा हा करार आहे. गावाने तो मनात देवाच्या नावाने जपला, म्हणून त्याला पहारेकरी लागला नाही.

फुलावरचा कायदा

मोहाच्या फुलातील साखरेवर किण्व वाढले की त्या साखरेचे अल्कोहोल होते. अल्कोहोल ७८ अंश सेल्सियसला उकळते आणि पाणी १०० अंशांना, म्हणून मातीच्या मडक्यांतून ऊर्ध्वपातन करून दारू काढता येते. ही दारू देवाला वाहण्याची आणि सणासमारंभात पिण्याची रीत आदिवासींत जुनी आहे. पण एवढ्यावरून बाहेरच्या जगाने मोहाच्या फुलाची ओळख ‘दारूचे फूल’ अशीच करून ठेवली, आणि त्याचे फळ वेचणाऱ्यांना भोगावे लागले.

ब्रिटिश सरकारला दारूवरील कर हवा होता. घरोघर दारू निघाली तर कर बुडणार. म्हणून १८७८ मध्ये मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला, आणि १८९२ मध्ये तर खास मोहाच्या फुलांसाठी कायदा करण्यात आला. ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) या जिल्ह्यांत ही फुले जमवण्यावर आणि जवळ बाळगण्यावर त्याने बंधने घातली. विचार करा: कणगीत ठेवलेले अन्न एका कायद्याने संशयाचा माल ठरले! स्वातंत्र्यानंतरही १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात मोहफुलांवर नियंत्रण राहिलेच. त्यामुळे फुले वेचणारा ती फार दिवस साठवू शकत नसे, दूरच्या बाजारात नेऊ शकत नसे. हंगामात भाव पडलेला असताना गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला विकायची आणि पावसाळ्यात गरज पडली की तीच फुले चढ्या भावाने परत घ्यायची, अशी त्याची कोंडी होई.

हळूहळू चित्र बदलले. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे मोह, तेंदू, मध, बांबू अशा लाकडाव्यतिरिक्तच्या उत्पन्नावर, जंगलात राहणाऱ्यांची मालकी मान्य केली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. देशातील अशा पहिल्या गावांत त्याची गणना होते. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि नेणे यांवरील निर्बंध सैल केले.

येथे एक गोष्ट विसरू नका. दारूने घरे उद्ध्वस्त होतात हे आदिवासी स्त्रियांइतके कोणाला माहीत असणार? गडचिरोलीत १९९३ पासून जिल्हा दारूबंदी लागू आहे, आणि तिच्यामागे लोकांची चळवळ होती. तेव्हा दारूला विरोध करणे आणि फुलाला अन्न मानणे, यांत विसंगती नाही. ज्वारीपासूनही दारू निघते, म्हणून ज्वारीवर बंदी घालावी असे कोणी म्हणत नाही.

झाडे म्हातारी होत आहेत

आता एक काळजीची गोष्ट. तुम्ही मोहाच्या एखाद्या गावात गेलात, तर मोठी झाडे दिसतील. पण हातभर, पुरुषभर उंचीची रोपे शोधावी लागतील. असे का व्हावे? कारणे तीन आहेत.

पहिले कारण बियांचे. मोहाचे बी वाटाण्यासारखे वर्षभर टिकत नाही. पडल्यावर थोड्याच आठवड्यांत ते रुजले नाही तर मरते. नेमक्या त्याच आठवड्यांत तेलासाठी बी वेचले जाते. दुसरे कारण गुरांचे. उगवलेली कोवळी रोपे ती चरतात. तिसरे कारण आगीचे. पडलेली फुले पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ करतात. या आगीत मागच्या पावसाळ्यात उगवलेली रोपे जळून जातात, आणि वारा सुटला तर आग जंगलात शिरते. पूर्वी माणसे थोडी आणि जंगल मोठे होते, तेव्हा हे खपून जाई. आज तसे राहिलेले नाही.

मग उपाय काय? ‘वेचणे बंद करा’ हा उपाय नव्हे. आपण पाहिलेच की फूल वेचल्याने झाडाचे नुकसान होत नाही. उपाय साधे आहेत. पाचोळा जाळण्याऐवजी झाडून बाजूला करणे हा एक. झाडाखाली चार खुंट्यांना जाळी बांधणे हा दुसरा. फुले जाळीत पडतात, मातीने मळत नाहीत, भाव बरा मिळतो, आणि वाकून वेचण्याचे कष्ट व धोकाही कमी होतो. मध्य भारतात अनेक ठिकाणी अशा जाळ्या वापरात आल्या आहेत. तिसरा उपाय म्हणजे काही झाडांचे बी मुद्दाम राखणे आणि रोपांना कुंपण घालणे. पंडुमसारख्या गावाच्या नियमांत हे बसवले, तर पहारेकऱ्याची गरज पडणार नाही.

तुम्हीही करून पाहा

१. बकुळीचे ताजे पडलेले फूल आणि झाडावरचे त्याच्या जागी उरलेले देठ भिंगातून पाहा. पुंकेसर कोठे आहेत? अंडाशय कोठे राहिले? आकृती काढा.

२. १०० ग्रॅम मोहफुले (नसतील तर द्राक्षे) उन्हात वाळवा. रोज एकाच वेळी वजन करा आणि आलेख काढा. वजन कोणत्या दिवशी स्थिर झाले?

३. मोहाच्या ताज्या बिया मिळाल्या तर २० बिया लगेच कुंड्यांत लावा, आणि २० बिया दोन-तीन महिने ठेवून मग लावा. दोन्हींतील उगवण मोजा. (बिया किंवा पेंड चाखू नका, हात स्वच्छ धुवा.)

४. शिक्षकांनी वर्गातील आदिवासी विद्यार्थ्यांना त्यांच्या घरी मोहाला काय म्हणतात, पहिले फूल कधी खातात, कोणते नियम पाळतात हे विचारावे आणि फळ्यावर लिहावे. या विषयात ती मुले आपली गुरू आहेत.

तिसऱ्या प्रयोगातील रोपे मात्र टाकून देऊ नका. पावसाळ्यात शाळेच्या आवारात, शेताच्या बांधावर किंवा गावाच्या पडीक जागेत ती लावा आणि दोन-तीन वर्षे गुरांपासून जपा. मोहाला पहिली फुले यायला आठ ते पंधरा वर्षे लागतात, आणि पुढे कित्येक दशके झाड फुलत राहते. आज तुम्ही नववीत असाल तर तुमचे झाड फुलेल तेव्हा तुम्ही कमावते झालेले असाल, आणि त्याची फुले वेचणारी मुले अजून जन्मायची आहेत.